नारिंगी फितीजवळचा पिंजरा

"खारी पकडायला कोणी सिंगापूरला जातं का?" पुण्याहून निघताना आईने विचारलं. विमानात शेजारच्या बाईंनीही कुठे, कशाला, विचारलं. "कोर्स आहे," म्हणून मी खिडकीकडे वळले. भीमाशंकरला खारींच्या अभ्यासात मला मदतनीस व्हायचं होतं. त्यासाठी आधी पिंजरे लावायला शिकणं भाग होतं.

शिकवणारी नेहाताई आमच्या कॉलेजची सीनिअर, आता इथे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक. सिंगापूरच्या सेरंगून भागात तिच्याच फ्लॅटवर उतरले. सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड जॅम लावलेला पाव) खाताना ती म्हणाली, "प्रत्येक पिंजऱ्याजवळ पायवाटेवरच्या झाडाला नारिंगी फीत. फीत दिसली की थांबून आत बघायचं. उन्हात अडकलेली खार फार वेळ टिकत नाही. तुझ्या हातून एक जरी गेली, तर भीमाशंकरला तुझं नाव मी सुचवणार नाही."

मी अर्धा टोस्ट तसाच ठेवून पिशवीतल्या फिती मोजल्या.

जंगल शहराच्या मधोमध. झाडांपलीकडून बसचे आवाज येत होते, आणि दमट हवेत चष्मा सारखा धुरकट होत होता. नेहाताई पलीकडच्या वाटेला गेली. मी केळ्याच्या फोडींना पीनट बटर लावून पिंजरे मांडत होते. एक माकड कठड्यावर बसून माझ्या केळ्यांवर नजर ठेवून होतं. शेवटचा पिंजरा नेच्यांच्या झुडपात ठेवला, तेवढ्यात टोपीवाले एक चिनी आजोबा थांबले.

"गर्ल, काय पकडतेस?"

"काही नाही, अंकल."

ते हसून पुढे गेले. मागून शाळेच्या मुलांचा घोळका येत होता. आता पन्नास प्रश्न येणार! मी झाडावरची फीत सोडून खिशात टाकली.

फेरीला परतले तेव्हा तो पिंजरा सापडेना. जिकडेतिकडे सारखेच नेचे. ऊन थेट वाटेवर आलं होतं. नेहाताईला फोन लावला आणि फीत काढल्याचं सांगितलं.

ती म्हणाली, "निघते. मला वेळ लागेल. तोवर लोकांना विचार."

लोकांना! समोरून तेच आजोबा परत येत होते.

"अंकल, सकाळी मी कुठे बसले होते, आठवतं?"

"सकाळी तर काही नव्हतं, लाह! आता ते हरवलं?" इथल्या बोलीतलं "लाह" लावून चिडवत चिडवतच ते चालू लागले. "मोडक्या कठड्यापाशी. मी त्याच कठड्याला टेकून बुटाची नाडी बांधली."

पिंजरा तिथेच होता. आत खार पोट टेकून पडलेली, तोंड उघडं. मी पिंजरा सावलीत ओढला, दार उघडून धरलं. ती हलेना.

"मेली?" आजोबांनी हळूच विचारलं.

नेहाताई धावत आली. खारीला आणखी त्रास नको म्हणून तिने वजन न करताच हातातला काटा पिशवीत परत ठेवला. मग खारीचं नाक हललं. ती दारापर्यंत आली, थबकली आणि सरळ झाडावर गेली.

"उद्यापासून तू दोन फिती बांध," नेहाताई म्हणाली. "आणि आपण काय करतो ते अंकलना सांग."

सांगितलं. त्यांचे प्रश्न संपता संपेनात.

पुढे भीमाशंकरला पहिली फीत बांधली, तेव्हा वाटेने जाणाऱ्या एक मावशी थांबल्या. "कशाची गं ही?"

"काही नाही" ओठांवर आलंच होतं. तरी त्यांना पिंजऱ्यापर्यंत नेलं आणि जागा नीट दाखवून ठेवली.