बेसूर

आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची वेळ आली की एक जण उठणारच. अंबडला कंपनीत वेल्डर. रविवारी सुट्टी मिळाली की हजर. नळाला पाणी आलं, गाडी पहिल्या किकला सुरू झाली, कशाहीबद्दल आभार मानतो. मग गातो, तेही बेसूर. पेटी मी वाजवतो. माझा नुसता जळफळाट होतो.

गेल्या रविवारी त्याची नोकरी गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं. आज तरी गप्प बसेल, असं वाटलं. खरं तर मला तेच हवं होतं.

तो उठलाच. "प्रभूची स्तुती असो! आता रविवारची ड्यूटी नाही. दर उपासनेला येता येईल!" आणि गाऊ लागला. अख्खी मंडळी त्याच्यामागे गाऊ लागली.

माझी नोकरी पक्की, सूरही पक्का. आणि पेटीवर बसून मी नोकरी गेलेल्या माणसाचा हेवा करत होतो.