दोन जावा, दोन कलमं

माझ्या थोरल्या जावेचा मला हेवा वाटतो. आजचा नाही, जुना आहे, आणि तो मनातून जावा म्हणून मी कधी देवाला नारळही फोडला नाही. ती सातवीत शाळा सोडलेली, मी बारावी पास. तरी ती सरकारी आणि मी गुत्तेदाराची. गुत्तेदाराची म्हणजे ठेकेदाराच्या हाताखाली, रस्त्याचं काम निघालं की बोलावणं यायचं, काम संपलं की घरी बसायचं.

थोरले दीर बांधकाम खात्यात रस्त्यावर मजूर होते. नोकरीत असतानाच गेले, आणि त्यांच्या जागी ती, आमची अक्का, लागली. विधवेचा हेवा करते म्हणून कुणी मला नावं ठेवली तर खुशाल ठेवावीत. माझा नवरा धडधाकट आहे, दिवसभर पारावर बसून गावाचं राजकारण करतो, आणि त्याच्यामागं मला काहीही मिळणार नाही. अक्का आजारी पडली तर तिला पगारी रजा मिळते. मी आजारी पडले तर नुसतीच आजारी पडते.

घर एकच, मधे भिंत घातलेली. एकाच रस्त्यावर कामाला जायचो. खड्डे बुजवायला गुत्तेदाराची माणसं, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला खात्याचं एक माणूस, ते म्हणजे अक्का. नारिंगी जाकीट दोघींच्याही अंगात असायचं. तिचं दरवर्षी नवं यायचं, माझं माझ्याआधी कुणीतरी वापरलेलं असायचं.

त्या दिवशी सिरसाळ्याच्या अलीकडं काम होतं. अर्धा रस्ता डांबर टाकून बंद केलेला, उरलेल्या अर्ध्यातून एकदा इकडची वाहनं सोडायची, एकदा तिकडची. मधे वळण असल्यामुळं एका टोकाचं माणूस दुसऱ्या टोकाला धड दिसत नाही. मग आम्ही लिंबाची फांदी वापरतो. इकडून सोडलेल्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात फांदी द्यायची, तो ती तिकडच्या बाईला देतो. फांदी आली म्हणजे रस्ता मोकळा, आता तुझी वाहनं सोड. फांदी हातात नसताना गाडी सोडायची नाही, आणि काही झालं तरी आपलं टोक सोडायचं नाही. टोक सोडलं की दोन्हीकडची वाहनं मधे येऊन भिडतात, आणि एका बाजूला ओलं डांबर, दुसऱ्या बाजूला नाला.

माझ्या टोकाला एक पांढरी जीप आली. फांदी तेव्हा अक्काकडं होती. मी लाल झेंडा आडवा धरला. जीपवाला काच खाली करून म्हणाला, "बाजूला हो."

"समोरून वाहनं यायलीत. फांदी आली की सोडते."

"फांदी? मला फांदी दावती का?"

तो खाली उतरला आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. कानातलं फूल तुटलं, मानेवर रक्ताचा ओघळ आला. डांबराच्या पिंपापाशी उभी असलेली माणसं जागच्या जागी थिजली. बहुतेक मी ओरडले असेन, कारण वळणावरून अक्का धावत येताना दिसली. रबरी बूट घालून धावायला येत नाही, तरी ती धावत होती. फांदी तिच्या हातातच होती. आमच्यामधे येऊन उभी राहिली तशी त्यानं तिलाही एक ठेवून दिली. मागं दोन्हीकडची वाहनं येऊन अडकली आणि भोंग्यांचा नुसता कल्ला झाला.

ठाण्यात जमादारानं पहिला प्रश्न विचारला, "सरकारी कोण तुमच्यातलं?"

अक्काला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. कानातून रक्त माझ्या येत होतं. तिच्या गालावर साधा वळही नव्हता. जमादार वाईट माणूस नव्हता, त्यानं मला समजावून सांगितलं. सरकारी माणसाला काम करताना मारलं तर पूर्वीचं तीनशे त्रेपन्न कलम, आता नव्या कायद्यात एकशे बत्तीस. दोन वर्षांपर्यंत शिक्षा, पोलीस लगेच उचलून आणणार, जामीन सहजासहजी नाही.

"आन् मला मारलं त्याचं?"

"तुमी गुत्तेदाराच्या. तुमची एनसी घेतो. अदखलपात्र. पुढचं कोर्टात जाऊन तुमचं तुमी बघायचं."

हात एकच होता, माणूस एकच होता. अक्काच्या गालावर पडला तो सरकारवर पडला, माझ्या गालावर पडला तो गुत्तेदारावरही पडला नाही. गुत्तेदार तर फोनसुद्धा उचलत नव्हता. कानाला फडकं लावून मी बाकावर बसले, आणि खरं सांगते, मला त्या जीपवाल्यापेक्षा अक्काचा जास्त राग आला.

त्याच दिवशी त्याला आत टाकलं. लगेच आमच्या दारात गाड्या यायला लागल्या. तो मोठ्या बागायतदाराचा पोरगा निघाला. गावातले पुढारी, त्याचे चुलते, त्याची आई, सगळे अक्काच्या ओट्यावर. माझं दार भिंतीपलीकडं चार पावलांवर, पण तिकडं कुणी बघितलं नाही. चहा मात्र मी केला, कारण अक्काकडं तेवढे कप नव्हते. कप मांडायला गेले तर त्याची आई मला म्हणाली, "साखर कमी टाक गं बाई, मला शुगर हाय." तिच्या लेकानं मारलेली बाई तिच्यापुढं कप धरून उभी होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. मी साखर कमी टाकली नाही.

अक्काला त्यांनी साडीचोळी देऊ केली. आमच्याकडं अशी भांडणं साडीचोळीवर मिटतात. अक्का एवढंच म्हणाली, "आज सोडला तर उद्या आंगावर गाडी घालंल. मी न्हाई मागं घेत." सगळे उठून गेले. तिला एवढी माणसं मनवायला आली आणि तिनं त्यांना परत पाठवलं, याचाही मला हेवा वाटला. माझ्याकडं परत पाठवायलाही कुणी आलं नव्हतं.

मग एक दिवस गाडी माझ्या दारात थांबली.

त्यातले एक पुढारी खाली उतरून हात जोडत आले. "ताई, तुमचं तर लई वाईट झालं." माझ्या नवऱ्याला पारावरून बोलावून घेतलं, त्याच्या पाठीवर हात टाकला. मला खुर्चीवर बसवलं. साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली, मोरपंखी, जरीची. भिंतीपलीकडून अक्का चहा घेऊन आली, कप ठेवले आणि परत गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटत होतं.

"तुमी साक्षीदार आहात," पुढारी म्हणाले. "खोटं काहीच सांगू नका. फक्त खरं सांगा. तुमची जाऊ तिचं टोक सोडून कशापायी आली?"

मी मांडीवरच्या साडीची घडी सारखी केली.

"तुमाला मारलं म्हणून आली ना? जावेसाठी आली. सरकारी कामासाठी न्हाई. वकील म्हणतो, एवढं जबाबात आलं की कलम टिकत न्हाई. मग तिचं बी तुमच्यासारखंच."

तिचं बी तुमच्यासारखंच. हे वाक्य मी साडीवर हात फिरवत कितीतरी वेळ मनात घोळवलं. माझ्या एका खऱ्या शब्दानं तिची थोबाडीत माझ्याइतकी स्वस्त होणार होती. इतकी वर्षं मला दुसरं काय हवं होतं?

आणि ते खरंच होतं. अक्कानं कधी टोक सोडलेलं नाही. एकदा तिच्या पायाशी साप आला होता, तरी ती फांदी धरून उभी राहिली होती. त्या दिवशी माझा आवाज ऐकला आणि टोक, फांदी, नोकरी, सगळं विसरून धावली. या सगळ्या प्रकरणात खुर्ची तिची, कलम तिचं, ओट्यावरची माणसं तिची. पण ते धावणं माझं होतं. ते सरकारसाठी नव्हतं. रात्री अंथरुणात पडल्यावर मी तेवढंच पुन्हा पुन्हा आठवायची.

जबाब द्यायला गेले तेव्हा साडी पिशवीत घालून नेली आणि वाटेत पुढाऱ्याच्या दारात ठेवून दिली. मोह होऊ नये म्हणून पुन्हा उघडून बघितली नाही.

जमादारानं विचारलं, "तुमची जाऊ दुसऱ्या टोकाला होती. ते सोडून ती तिथं कशासाठी आली?"

माझ्या तोंडात 'माझ्यासाठी' आलं होतं. जीप बंद रस्त्यात घुसली असती तर कामावरची माणसं चिरडली असती, हेही काही खोटं नव्हतं. पण अक्काला वळणापलीकडून जीप दिसत नव्हती. तिला फक्त माझा आवाज आला होता.

"काम अडवलं म्हणून आली," मी म्हणाले. "सरकारी कामासाठी."

त्यानं तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. अक्का बाहेर झाडाखाली उभी होती. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. मग तिनं विचारलं, "काय सांगितलंस?"

मी सांगितलं. तिनं माझ्या कानाकडं बघितलं. तिथं आता खपली धरली होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता कोर्टात बी हेच सांगायचं. मी बी हेच सांगणार. घरात, दारात, कुणी बी विचारलं तरी हेच."

म्हणजे ती माझ्यासाठी धावली, हे यापुढं कुणी म्हणणार नाही. ती नाही आणि मीही नाही. एवढी एकच गोष्ट माझी होती, तीही सरकारजमा झाली.