‘हे’ म्हणजे काय गो?

सावंतबाई समोरच्याचं ऐकताना डोळे मिटून घ्यायच्या. दहिसरच्या आमच्या शाळेत मी नवी रुजू झाले, त्या दिवशी हातातला गठ्ठा दाखवत विचारलं, “बाई, हे कुठे ठेवू?” बाईंनी डोळे मिटले आणि मालवणीत विचारलं, “‘ह्या’ म्हणजे काय गो? त्येका नाव नाय?” मी म्हटलं, “दुसरीची पुस्तकं.” “मग खिडकीखालच्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात.” बाई जराशा सटकलेल्या आहेत, असं माझं मत झालं.

कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गात कळलं. पहिल्या बाकावर मयुरी बसायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. ती महिन्यापूर्वी शाळेत आली, तेव्हा बाई फळ्यावर गणित मांडून शिकवत होत्या, “हे ह्यात मिळवलं की हे आलं.” मयुरीने विचारलं, “बाई, हे म्हणजे काय?” मला सांगताना बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “तीस वर्सां शिकवतंय, नि सगळा माझा ‘ह्या’ नि ‘त्या’. ह्या चेडवान एका प्रश्नात माझी वाट लावली.”

तेव्हापासून दुसरीच्या वर्गात ‘हे’ बंद. बाई चुकल्या की अख्खा वर्ग विचारायचा, “हे म्हणजे काय?” एकदा त्या म्हणाल्या, “उद्या मी येणार नाही, आमचे हे आजारी आहेत.” वर्गाने लगेच विचारलं. जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेल्या बाई लाजून म्हणाल्या, “सुधाकर.” मी दारात उभी होते, हसून पोट दुखलं माझं. मग माझ्याच तासाला मी किती ‘हे’ बोलते ते मोजायला गेले आणि पाच मिनिटांत नाद सोडला. गेल्या साली बाई वारल्या, तरी अजून ‘हे’ तोंडात आलं की मी अडखळते.

आमचे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांना रिझल्टची धास्ती. त्यांनी बाईंना सांगून टाकलं, “चाचणीत जमलं नाही, तर मयुरीला अंधशाळेत पाठवू. लांब आहे, पण तिथे राहायची सोय आहे.” मयुरीची आई नदीपलीकडच्या टॉवरमध्ये पोळ्या करायची आणि तिथून थेट शाळेच्या जिन्यात येऊन थांबायची. तिने मला विचारलं, “सात वर्षांची पोर दुसरीकडे झोपवायची का, मॅडम?”

चाचणीला मोठ्या सरांनी स्वतः अंक सांगितले. शेवटचा होता एकोणसाठ. मुलांनी वहीत लिहिला, मयुरीने जाड कागदावर ब्रेलचे ठिपके टोचले. सर म्हणाले, “वाच, काय लिहिलंस?” तिने बोट फिरवत वाचलं, “सहा, नऊ.”

“बघा बाई,” सर म्हणाले. “नुसतं ऐकून लिहायचं, तेही जमत नाही.”

बाईंनी एकेक वही उघडली आणि त्यातल्या बारा सरांपुढे ठेवल्या. बाराही वह्यांत एकोणसत्तर.

“सर, मयुरी धरून तेरा जणांचं चुकलंय, आणि एकसारखंच चुकलंय. तेराही जणांना पाठवायचं का राहायला?”

सर वह्या चाळू लागले. तेवढ्यात मयुरी म्हणाली, “पण बाई, एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतं ना. मग आधी सहा नको?”

मागून दोघं-तिघं म्हणाले, “हो ना, बाई.”

“तुमचं काय चुकलं नाही रे,” बाई म्हणाल्या. “आपली मराठीच तिरकी.”

सरांनाही हसू आलं. मग चेहरा कडक करून म्हणाले, “तेराही जणांनी एकोणसाठ उद्या घरून वीस वेळा लिहून आणायचा.”

“मी पण?” मयुरीने विचारलं.

“तू पण.”

मी धावत जिन्यात गेले. “मयुरीला शिक्षा झाली,” मी तिच्या आईला म्हटलं. “अजून बारा जणांबरोबर. घरून लिहून आणायचंय.”

“घरून?” तिने एवढंच विचारलं आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.