रंजूचे पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या रंजूला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण माझाच मला इतका संताप येतो की भांडी आपटून तो जात नाही.

रंजू माझी धाकटी बहीण. आमचं माहेर वैशाखऱ्याचं, भातशेतीचं. लग्न होऊन मी वाशिंदला आले आणि तिथल्या एका पार्लरमध्ये थोडे दिवस हाताखाली राबले. टॉवेल धुतले, केस झाडले, बस. पण माहेरी काय माझी ऐट! कुणी विचारलं की ठोकून द्यायची, मला सगळं येतं.

त्या पावसाळ्यात लावणी आटोपते न आटोपते तोच शहापूरकडची माणसं रंजूला बघायला येणार असं ठरलं. मुलगा फोटोतच तिला आवडला होता. ती लपवत होती, पण मला कळलं होतं. पाय मात्र — लावणी करणाऱ्या बाईचे असतात तसेच. दिवसदिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या ओल्या, सोललेल्या. चिखल्या म्हणतात आमच्याकडे, घराघरात होतात. आई म्हणाली, "मेंदी वाटून लाव, सुकंल." मी हसले. मेंदी? मी असताना?

आदल्या दुपारी घमेल्यात गरम पाणी, शाम्पू, लिंबू घेऊन बसले. टाचा घासल्या, नखं कापली, लाल नेलपॉलिश लावलं. ते पसरलं — कातडीवर, बोटांवर, सगळीकडे. रिमूव्हर मी आणलंच नव्हतं. 'मला जमत नाही' एवढं म्हणायला काय जीव जात होता माझा? पडवीत खिडक्या रंगवून उरलेलं थिनर होतं. ते बोळ्यावर घेतलं, रंजूला सांगितलं रिमूव्हर आहे, आणि पुसत सुटले. त्या उघड्या बेचक्यांतूनसुद्धा — हो, तिथूनसुद्धा.

"जळतंय गो ताई," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी तरारलेलं. मी तिलाच दटावलं, एवढंही सोसत नाही का म्हणून. मग नव्यानं रंग लावला आणि मोबाइलवर फोटो काढला. फोटोत पाय छान दिसत होते.

सकाळी बोटं सुजली होती, बेचक्यांत फोड आले होते. पाहुण्यांनी तिला चालून दाखवायला सांगितलं. अजून सांगतात! बाजारात बैल चालवून बघतात तसं. लाज वाटत नाही या लोकांना — पण मला तरी कुठे वाटली? ती लंगडली. मुलाची आत्या वाकून बघायला लागली. "पोरीच्या पायाला काय झालंय? नायटा हाय का?"

रंजू माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं, काल मी थिनर लावलं, एवढंच. आणि मी काय बोलले?

"तिची कातडीच तशी हाय. लहानपणापासून."

का बोलले? नाक वर राहावं म्हणून. दुसरं काही नाही. दर पावसाळ्यात चिखल्या होतच होत्या, त्यामुळे रंजूलाही ते पटलं. दोन दिवसांत नकार आला. ती उशीत तोंड खुपसून रडली. आणि त्या आत्याला घरात सगळ्यात मोठ्यानं शिव्या कुणी घातल्या? मीच. आवाज नुसता चढवला होता मी.

पुढे तिला भातसानगरचं स्थळ आलं, माणूस भला निघाला. सगळे म्हणतात, झालं ते चांगलंच झालं. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिचं चांगलं झालं त्यात माझा काय हात? रंजू भर उन्हाळ्यातही मोजे घालते. नवऱ्यासमोरही पाय पदराखाली ओढून बसते.

गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. तिची लेक अनवाणी अंगणात, पाइपाच्या पाण्यानं झालेला चिखल तुडवत होती, खिदळत होती. रंजू धावत गेली, तिला दंडाला धरून ओढत आणलं, पाय पुसले, मोजे चढवले.

"आपली कातडी वाईट हाय गो बाय. मावशीला विचार."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — हो म्हणून.