अक्कांचं उत्तर

माझ्या सासूबाईंना, अक्कांना, काही विचारलं की त्या आधी गप्प बसत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारीला ऐकू येत नसावं. सुपातले खडे वेचत राहत, चुलीतलं लाकूड पुढे सारत, आणि विचारणारा उठू की बसू अशा पेचात पडला की मग बोलत. ते बोलणं एखाद-दुसऱ्या वाक्याचं असे. पण पांझरेकाठच्या आमच्या गावात माणसं त्या वाक्यासाठी तिष्ठत बसत.

एकदा भावाशी भांडून वेगळा निघायला निघालेला एक तरणाबांड गडी सल्ला विचारायला आला. तावातावाने सगळं सांगून झालं. अक्कांनी दोन भाकरी थापल्या, मग विचारलं, "वेगळा निंघीसन कोनासंगे भांडशी?" गडी आधी चिडला, मग हसला आणि घरी गेला. भाऊ अखेरपर्यंत एकत्र राहिले.

मी माहेरी मराठी सहावी झालेली. अक्कांना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांच्यापुढे बोलताना मी शब्द तपासून घेई. इतका धाक मला कुठल्याच मास्तरांचा वाटला नव्हता.

आमच्याकडे बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेताशेतात पाळीपाळीने जाई. एका वर्षी पावसाने ओढ दिली आणि पाळीवरून कुरबुरी सुरू झाल्या. आमचे हे पाटावर गेले असताना शेजारच्या वावराच्या उखाशी जुंपली. उखाने फावड्याचा दांडा डोक्यात घातला. बैलगाडीतून धुळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंतही हे राहिले नाहीत. अक्कांचा एकुलता मुलगा गेला. मला तेव्हा विशीही लागली नव्हती.

उखाला सक्तमजुरी झाली. पाण्याचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी त्याच्या वावराचं पाणी तोडलं. मागे त्याची बायको आणि तीन लहान लेकरं होती. तिच्याशी कुणी बोलेना. तिचा गहू ऐन ओंबीत पिवळा पडू लागला. येता-जाता मी तो पाही आणि मला बरं वाटे.

एके सकाळी अक्का पदर सावरून चावडीवर गेल्या. बायामाणसांनी तिथे जायची रीत नव्हती. मीही मागोमाग गेले. पंचांतले वडीलधारे आबा गडबडून उठले. म्हणाले, "अक्का, हाई बठ्ठं तुनाकरताच करं आम्ही."

अक्का गप्प. मग त्या म्हणाल्या, "माना पोऱ्या पानीकरता गया. आते पानी बंद कराले माना नाव लेवानं नही."

दुपारी पाटकऱ्याने उखाच्या वावराकडचं पाटाचं दार उघडलं, तेव्हा अक्का बांधावर उभ्या होत्या. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचलेलं पाहूनच त्या घरी आल्या.

माझ्या अंगाची आग होत होती. मी दारातच विचारलं, "अक्का, तुम्ही त्याला माफ केलं?"

त्या पायरीवर बसल्या. बराच वेळ चिखलाचे पाय पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माफ? नही वं. राग माना शे, तो माना जोडेच राही. तहान त्या लेकरेस्नी शे."

पुढे आयुष्यभर मी पुष्कळ वाचलं, मोठमोठ्यांची व्याख्यानं ऐकली. मनात असं उभं राहिलेलं वाक्य दुसरं नाही. राग न सोडताही माणसाला नीट वागता येतं, हे मला त्या पायरीवर कळलं.

हळूहळू गाव त्यांच्या पाया पडू लागलं, ते मात्र त्यांना खपत नसे. "माले देव नका करा," त्या म्हणत, "देवले भाकरी थापनी पडत नही."

वर्ष सरलं आणि एक दिवस अक्कांनीच माझा विषय काढला. "तू धुयाले जाय, मास्तरीन व्हय. अठे तुले बठ्ठा माना पोऱ्यानी बायको म्हनतीन. तठे तुले तुना नाववर वळखतीन." माहेरचे नको म्हणाले, भाऊबंद कुजबुजले. अक्कांनी कुणाला उत्तरच दिलं नाही. माझी पेटी स्वतः बांधली आणि सर्व्हिस मोटारीने मला धुळ्याला घेऊन आल्या.

ट्रेनिंगच्या शाळेच्या फाटकाशी त्यांनी पेटी खाली ठेवली. माझा पाय निघेना. घरात आता त्या एकट्याच उरणार होत्या. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही घरी एकट्या काय कराल?"

या खेपेला त्यांनी वेळ घेतला नाही.

"पोटभर रडसू," त्या म्हणाल्या. "तू समोर व्हतीस, आजलोंग रडता उनं नही."

माझ्या गालावरून हात फिरवून त्या मोटारीकडे वळल्या. मी हाक मारली नाही. त्यांना लवकर घरी पोहोचायचं होतं.