हेल्मवाल्या ताई

सर्व्हरवर नवं काही चढवायचं असलं की हेल्मवाल्या ताई ते आधी आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या. कमांड टाइप करून बोट एंटरवर नेलं की मागून आवाज यायचा, "थांब गं. काय काय बदलतंय ते वाच." मग ओळ न् ओळ वाचायची. नव्याने लागलेली मंडळी हसू दाबायची. ताईंना त्याचं काही वाटायचं नाही.

त्या कडाव गावच्या. घरी भातशेती आणि म्हशी. सकाळी धारा काढून खोपोलीतल्या आमच्या छोट्या कंपनीत यायच्या. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. मी लोधिवलीहून टेस्टिंगच्या कामावर जायचे. सर्व्हरवर चढवायचं काम ताईंनी मला आपणहून शिकवलं. प्रोग्रॅमचा एकेक भाग आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात चालतो. कुठले डबे, किती, कोणत्या सेटिंगवर, हे सगळं हेल्म नावाचं साधन एका गठ्ठ्यात बांधून एका कमांडवर चढवतं, आणि बिघडलं तर आधीचा गठ्ठा परत आणतं. "पण डेटा मागं येत नाय हां," ताई बजावायच्या. त्याची कॉपी काढल्याशिवाय त्यांनी कधी काही चढवू दिलं नाही.

एका सकाळी आम्ही एका डायलिसिस सेंटरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. आमच्याकडे चाचणीत सगळं नीट होतं, पण तिथल्या पडद्यावर पेशंटांची नावंच येईनात. वाडीवरून टेंपो करून आलेली माणसं बाहेर खोळंबलीत, असा सेंटरवरून फोन आला. दुपारी मुंबईची मंडळी या अपडेटमधला नवा स्क्रीन बघायला येणार होती, म्हणून आमच्या मालकांचं म्हणणं पडलं की मागे जाऊ नका, आहे तेच दुरुस्त करा. ताईंनी मला रोलबॅक करायला, म्हणजे आधीचा गठ्ठा परत आणायला सांगितलं. मी कमांड टाइप करायला घेतली. मालक पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आधी त्या माणसांना आत जाऊ द्या. तुमच्या पावण्यांना काय सांगायचं ते मी सांगते."

जुनी आवृत्ती परत आली, कॉपीतला डेटा आला, नावं दिसू लागली. ताईंनी पाहुण्यांना जे झालं ते सांगून टाकलं आणि नवा स्क्रीन चाचणीच्या मशीनवर दाखवला. मालक त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी तुटकच बोलत. तरी पुढच्या मीटिंगमध्ये मालकांसमोरच ताईंनी रोलबॅक मी केल्याचं सांगितलं. माझी टेस्टिंगमधून सर्व्हरच्या कामावर कायमची बदली झाली. आज माझं घर त्याच कामावर चालतं.

गेल्या वर्षी ताईंना पुण्यात मोठी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सगळे केक घेऊन वाट बघत होते, आणि त्या माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. सर्व्हरवर जायची त्यांची परवानगी मी काढून टाकायची होती. माझं मन होईना. उद्या काढते म्हटलं, तर ऐकेनात; जाणाऱ्या माणसाच्या हाती किल्ली ठेवायची नाय, म्हणाल्या. शेवटी काढली. त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून आत जायचा प्रयत्न केला. नकार आला. पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहिला, तरी तेच.

"मला आत घेत नाय गं," त्या समाधानाने म्हणाल्या, लॅपटॉप मिटला आणि केक कापायला उठल्या.