समुद्र कुठल्या अंगाला

आमच्या घरात उजवं-डावं कुणी म्हणत नाही. ‘मिठाची बरणी समुद्राच्या अंगाला सरकव’, ‘उशी डोंगराच्या अंगाला घे’, असं बोलतात. दिवेआगरात समुद्र पश्चिमेला, तेव्हा चुकायचा प्रश्नच नाही. मी माणगावची. लग्न होऊन आले तेव्हा समुद्राच्या अंगाचं पातेलं मागितलं की मी भलतंच उचलायची आणि सासूबाई कपाळाला हात लावायच्या. वर्षभर बोलणी खाल्ली तेव्हा कुठे शिकले.

चक्रीवादळात वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि मागची खोली उघडी पडली. ती मी उभी केली. कौलं शोधून आणली, गिलावा समोर उभं राहून करून घेतला. माझी आई माणगावात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची आणि तिच्या गुडघ्यांना जिना सोसेना. खोली आईची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. रंग वाळतोय न वाळतोय तोच माझे धाकटे दीर नवी मुंबईहून आले. घरून काम करायची परवानगी मिळाली होती. ‘दोन महिन्यांपुरतं हं, वहिनी,’ म्हणाले आणि कॉम्प्युटर घेऊन खोलीत शिरले. त्याला दोन वर्षं झाली. काम संध्याकाळी सुरू व्हायचं. सकाळभर लढाऊ विमानाचा खेळ, दुपारी जेवून झोपाळ्यावर झोप. आईसाठी आणलेला पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला, त्यावर दिरांचे ओले टॉवेल. नवऱ्याकडे बोलले तर म्हणे, लहान आहे तो, समजून घे. चाळिशीला टेकलेला माणूस, म्हणे लहान.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे पुण्याचे पाहुणे उतरले होते. भावोजी त्यांना खेळ दाखवत होते. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, ‘वहिनी, बसा. उडवून बघा.’ बसले. विमान हवेतच होतं. ‘आता धावपट्टीवर आणा, किनाऱ्यालाच आहे.’ किनारा म्हटल्यावर मी आमच्या सवयीनं होकायंत्र बघून पश्चिमेला वळवलं. तो नकाशा कुठल्याशा परदेशातला, तिथे समुद्र पूर्वेला. समोर डोंगरच डोंगर यायला लागले. मी घाबरून विचारलं, ‘भावोजी, समुद्र कुठंय?’

‘खिडकीतून बघा की.’

आणि मी खरंच मान वळवून खोलीच्या खिडकीतून बघितलं. तेवढ्यात विमान आपटलं. पाहुणे पोट धरून हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथेच म्हटलं, ‘ही खोली माझ्या आईची आहे, ती कधी रिकामी करताय?’ तर हसत म्हणाले, ‘आधी विमान उतरवून दाखवा, मग खोली मागा.’ पुढे जो पाहुणा येईल त्याला हा किस्सा जेवताना वाढला जायचा. वहिनींनी खिडकीतून समुद्र शोधला. मी भात वाढत असायची आणि मनात म्हणायची, थांब, तुझी जिरवतेच.

दुपारी ते झोपाळ्यावर घोरायला लागले की मी खोलीत शिरायची. पासवर्ड कॉम्प्युटरलाच चिकटवलेला, आणि भिंतीवर विमान उडवायची सगळी कृती त्यांच्याच अक्षरात. ती मी मोदकांच्या वहीत मागच्या पानापासून उतरवली. शस्त्रांचा मुख्य खटका चालू. बॉम्ब निवडा. खूण लक्ष्यावर धरून बटण दाबा आणि बॉम्ब सुटेपर्यंत दाबूनच ठेवा. मी बोट आधीच उचलायची, त्यामुळे पहिले पंधरा दिवस एकही बॉम्ब पडला नाही. परतताना खटका बंद. मग चाकं खाली, वेग कमी. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन लाल, दोन पांढरे दिसले तर उतार बरोबर. चारही लाल म्हणजे तुम्ही जमिनीत चाललात. मी कितीदा जमिनीत गेले ते देवाला ठाऊक. दात-ओठ खात पुन्हा उडायची. लक्ष्य म्हणजे डोंगरातला एक पूल. दर वेळी तो उडवताना तो पूल आहे असं मी समजत नव्हते, हे कबूल करते.

सगळ्यात जड गेली ती दिशा. हात आपोआप पश्चिमेला वळायचा. मग मी तळहातावर पेनानं नव्वद लिहायला लागले. होकायंत्रावर नव्वद म्हणजे पूर्व, म्हणजे त्या नकाशातला समुद्र. महिन्याभरात सवय मोडली. मी ती लग्नानंतर शिकले होते, म्हणून मला ती सोडताही आली. भावोजी तर ती घेऊनच जन्मले होते, आणि खेळात ते कायम पडद्यावरच्या वाट दाखवणाऱ्या रेघेमागेच जायचे. हे लक्षात आलं त्या दुपारी मी स्वतःशीच हसले.

शिमग्याला त्यांचे तीन मित्र आले, रोज त्यांच्याबरोबर खेळणारे. जेवणं झाल्यावर मी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘भावोजी, विमान उतरवून दाखवते. तोच नकाशा, ढग खाली, आणि वाट दाखवणारी रेघ बंद. फक्त होकायंत्र आणि घड्याळ. पश्चिमेच्या डोंगरातला पूल उडवायचा आणि परत यायचं. मग तुम्ही तेच करा. दोघंही उतरलो तर खोली तुमची. नाहीतर जो उतरला त्याची.’ मित्र ओरडले, झालंच पाहिजे. भावोजींना नाही म्हणता येईना.

मी उडाले. सात मिनिटं पश्चिमेला, पूल, बोट दाबून धरलं, बॉम्ब सुटला. खटका बंद. नव्वदवर वळून सात मिनिटं. ढगातून खाली आले तर समोर किनारा. दोन लाल, दोन पांढरे. चाकं आपटली, विमान एकदा उसळलं, पण थांबलं धावपट्टीवरच. मी उठून खुर्ची रिकामी केली.

भावोजी बसले. पूल त्यांनी माझ्यापेक्षा सफाईनं उडवला. पण मित्रांना दाखवायला वर दोन घिरट्या घातल्या, खालून तोफा सुरू झाल्या, त्या चुकवताना घड्याळ हुकलं. मग सगळीकडे ढग. होकायंत्र समोरच होतं. त्यांनी ते बघितलंही. काटा पश्चिमेवर होता आणि त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण पश्चिमेला समुद्र असतो. मला दिसत होतं. मी घड्याळ बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, इंधन तळाला गेलं. त्यांच्या कपाळाला घाम. मित्रही बघत होते, त्यांना वाटलं काहीतरी डाव असेल.

‘वहिनी,’ शेवटी ते म्हणाले, ‘समुद्र कुठं गेला?’

‘खिडकीतून बघा की, भावोजी.’

त्यांची मान वळली. खरंच वळली, खोलीच्या खिडकीकडे. तेवढ्यात डोंगर आला.

मित्र हसून लोळले. मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. इतकं बरं मला वादळानंतर वाडीत पहिलं रोप धरलं तेव्हाही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं टेबल पडवीत गेलं. तिथे खारा वारा सरळ आत येतो. आठवड्याभरात विमान उडवायच्या दांड्याचे स्क्रू गंजले. माझ्याकडे खोबरेल होतं, मी दिलं नाही.

त्या रविवारी आई आली. रात्री सगळे पंगतीला बसले, आईचं पान भावोजींच्या शेजारी. मी म्हटलं, ‘आई, लोणचं घे, समुद्राच्या अंगाला आहे बघ.’

आई गोंधळली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं शेजारी वळून अगदी साधेपणानं विचारलं, ‘काय हो, समुद्र कुठल्या बाजूला येतो इथं?’

नवऱ्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला. भावोजींचा घास हातातच राहिला. मग त्यांनी मान खाली घालूनच डाव्या हातानं दाखवलं.

मी त्यांना विचारलं, ‘आमटी वाढू का?’